ऑनर्स प्रोग्रॅममध्ये शिकवणारे मानव्यविद्येचे प्राध्यापक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या एका राज्य विद्यापीठात मी इतिहास शिकवते. गेली चौदा वर्षं दर वर्षी माझा निदान एक वर्ग ऑनर्सचा असतो. मे-जून उजाडला की प्रवेश मिळालेल्या मुलांचे, त्यांच्या आईवडिलांचे आणि नव्याने नोकरीला लागलेल्या मराठी प्राध्यापकांचे फोन सुरू होतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे. हे सगळं अमेरिकेतल्या विद्यापीठांबद्दल आहे.

ऑनर्स प्रोग्रॅम म्हणजे आपल्याकडचं बी.ए. ऑनर्सच का?

नाही. हा घोळ आधी मिटवलेला बरा. भारतात ऑनर्स हा पदवीच्या नावाचा भाग आहे. एका विषयात जास्त खोलवर जाऊन घेतलेली ती पदवी. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर चार वर्षांच्या पदवीलाही आपण ऑनर्स म्हणू लागलो आहोत. अमेरिकेत पदवी तीच राहते आणि मेजर, म्हणजे मुख्य विषय, कुठलाही असू शकतो. त्याच विद्यापीठातल्या निवडक विद्यार्थ्यांसाठी काही वर्ग वेगळे आणि लहान ठेवलेले असतात, आणि बहुतेक ठिकाणी शेवटी एक प्रबंध लिहावा लागतो. मेकॅनिकल इंजिनिअरिंग करणारी मुलगी आणि व्हायोलिन शिकणारा मुलगा एकाच टेबलाभोवती बसतात ते इथे.

पदवीपत्रावर दिसणारे 'कुम लाउदे', 'माग्ना कुम लाउदे', 'सुम्मा कुम लाउदे' हे लॅटिन शब्द पुन्हा वेगळे. ते बहुतेक ठिकाणी एकूण गुणांवर मिळतात, त्यासाठी ऑनर्स प्रोग्रॅममध्ये असावंच लागतं असं नाही. शाळेतले 'ऑनर्स' किंवा एपीचे (शाळेतच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे) वर्ग यांचाही याच्याशी थेट संबंध नाही.

चार वर्षांतला किती भाग ऑनर्सचा असतो?

पदवीला साधारण 120 क्रेडिट, म्हणजे अभ्यासाची एककं, लागतात. देशभरातल्या ऑनर्स प्रोग्रॅमांच्या राष्ट्रीय परिषदेने बरीच वर्षं सांगितलेलं प्रमाण म्हणजे एकूण अभ्यासाच्या 20 ते 25 टक्के, आणि 15 टक्क्यांहून कमी तर नकोच. म्हणजे 18 पासून 30 क्रेडिटपर्यंत. बाकीचे वर्ग इतर सगळ्यांबरोबर, त्याच मोठ्या हॉलमध्ये.

ही पद्धत आली कुठून?

याचं उत्तर मी जरा लांबवते, कारण प्राध्यापक ऑनर्सच्या वर्गात असे का वागतात ते यातून कळतं.

फ्रँक एडेलॉट हे इंडियानातले इंग्रजीचे प्राध्यापक. ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ते ऑक्सफर्डला शिकून आले होते. तिथे साधी पदवी घेणारे आणि 'ऑनर्स'साठी वाचणारे अशा दोन वाटा होत्या आणि शिक्षण वर्गापेक्षा ट्यूटरच्या खोलीत होत असे. 1921 साली एडेलॉट पेनसिल्व्हेनियातल्या स्वॉर्थमोर कॉलेजचे अध्यक्ष झाले आणि 1922 साली त्यांनी तिथे ऑनर्सचं शिक्षण सुरू केलं. शेवटच्या दोन वर्षांत लहान सेमिनार (चर्चेचे वर्ग), भरपूर लेखन आणि अखेरीस परीक्षा. त्या परीक्षेचं वैशिष्ट्य असं की ती घ्यायला परीक्षक दुसऱ्या विद्यापीठांतून येत. आजही येतात. स्वतः प्राध्यापक झाल्यावर मला या एका गोष्टीचं मोल कळलं. शिकवणारा आणि गुण देणारा जेव्हा एकच असतो, तेव्हा विद्यार्थी शिक्षकाच्या चेहऱ्याकडे बघून बोलतो. परीक्षक बाहेरचा असला की शिक्षक विद्यार्थ्याच्या बाजूला येऊन बसतो, आणि दोघे मिळून समोरच्या अवघड गोष्टीकडे बघू लागतात. फार थोड्या विद्यापीठांना बाहेरचे परीक्षक परवडतात, पण चांगला ऑनर्स प्राध्यापक वर्गात हीच मांडणी करायला धडपडत असतो.

दुसरा धागा न्यूयॉर्कचा. 1920 साली कोलंबिया विद्यापीठात जॉन अर्स्किन या इंग्रजीच्या प्राध्यापकांनी 'जनरल ऑनर्स' नावाचा वर्ग सुरू केला. दर आठवड्याला एक अभिजात ग्रंथ वाचायचा आणि संध्याकाळी त्यावर चर्चा करायची. सहकाऱ्यांनी कडाडून विरोध केला. एवढा मोठा ग्रंथ आठवड्यात वाचून होतो का, मूळ भाषा न येता भाषांतरावर बोलणं म्हणजे उथळपणा, असं त्यांचं म्हणणं होतं. तो आक्षेप पूर्णपणे चुकीचा नव्हता, पुढे एका प्रश्नात मी त्याकडे येणार आहे. या वर्गात एका गटाला दोन शिक्षक असत, आणि त्यांनी मुलांसमोर एकमेकांशी मतभेद दाखवावेत अशी अपेक्षा असे.

सगळीकडे हा प्रकार पसरला तो 1957 साली सोव्हिएत रशियाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडल्यानंतर. रशिया पुढे गेला या धास्तीने हुशार मुलांच्या शिक्षणाकडे सरकार आणि मोठ्या देणगी संस्था लक्ष देऊ लागल्या. त्याच सुमारास कोलोरॅडो विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणारे जोसेफ कोहेन यांनी निरनिराळ्या विद्यापीठांतल्या ऑनर्स चालवणाऱ्यांना एकत्र आणलं. त्या कामातूनच 1966 साली राष्ट्रीय परिषद उभी राहिली. पैसा आला विज्ञानाच्या चिंतेतून, पण एडेलॉट, अर्स्किन, कोहेन हे तिघेही मानव्यविद्येचे, म्हणजे साहित्य-तत्त्वज्ञानाकडचे. मला हे महत्त्वाचं वाटतं.

'ऑनर्स प्रोग्रॅम' आणि 'ऑनर्स कॉलेज' यात फरक काय?

प्रोग्रॅमला संचालक असतो आणि तो इतर विभागांकडून प्राध्यापक मागून घेतो. कॉलेजला डीन, स्वतःचं बजेट, बरेचदा स्वतःचं वसतिगृह आणि क्वचित स्वतःचे प्राध्यापकही असतात. ओरेगन विद्यापीठातलं क्लार्क ऑनर्स कॉलेज 1960 चं आहे, ॲरिझोना स्टेटचं बॅरेट 1988 चं, पेन स्टेटचं श्रायर 1997 चं. पाटीवरच्या नावावरून शिकवण्याचा दर्जा ठरत नाही. टेक्सास विद्यापीठाचा 'प्लॅन टू' 1935 पासून चालू आहे आणि त्याच्या नावात 'कॉलेज' हा शब्दच नाही.

मुलं बहुतेक इंजिनिअरिंगची नाहीतर मेडिकलकडे जाणारी. मग त्यांना इतिहासाच्या आणि तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांसमोर का बसवतात?

हाच मुख्य प्रश्न. माझ्या मागच्या सेमिनारमध्ये अठरा मुलं होती. त्यातली बारा इंजिनिअरिंग, जीवशास्त्र आणि कॉम्प्युटर सायन्सची. इतिहास मेजर असलेला एकच.

ही मुलं शाळेत पहिली आलेली असतात. प्रश्न पुरता ऐकायच्या आत उत्तर तयार ठेवायची सवय त्यांना लहानपणापासून असते आणि त्याच सवयीने त्यांना इथवर आणलेलं असतं. कुणी शिकवलेलं नसतं ते थांबणं. ज्याचं उत्तर मागच्या पानावर नाही अशा गोष्टीपाशी शांतपणे बसून राहणं. हुशार मुलाला संथ व्हायला शिकवणं हे ऑनर्समधल्या मानव्यविद्येच्या प्राध्यापकाचं खरं काम आहे, असं माझं मत वर्षागणिक पक्कं होत गेलं आहे.

उदाहरण देते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेच्या दक्षिणेतल्या वर्तमानपत्रांत पळून गेलेल्या गुलामांच्या जाहिराती सर्रास छापून येत. कॉर्नेल विद्यापीठाच्या 'फ्रीडम ऑन द मूव्ह' या प्रकल्पात अशा हजारो जाहिराती गोळा केलेल्या आहेत. जाहिरात जेमतेम आठ-दहा ओळींची. नाव, अंदाजे वय, अंगावरचे कपडे, शरीरावरचे व्रण, हातातलं कसब, बक्षिसाची रक्कम आणि पुष्कळदा ती व्यक्ती कुठे गेली असावी याचा मालकाचा अंदाज. मी पळून गेलेल्या एका बाईची अशी एकच जाहिरात वाटते आणि सांगते, आजची 75 मिनिटं एवढंच वाचायचं आहे.

पहिल्या पाच मिनिटांत हात वर होतात. गुलामगिरी अमानुष होती. बरोबर आहे, पण हे त्यांना वर्गात यायच्या आधीच ठाऊक होतं. सातव्या मिनिटाला वाचून झालेलं असतं आणि काही जण घड्याळाकडे बघतात. मग मी विचारते, 'ती नवऱ्याकडे गेली असावी' हे लिहिणारा कोण? कायदा गुलामांचं लग्न मानत नव्हता. मालक मात्र, ती सापडावी म्हणून, तिला नवरा आहे हे छापून मोकळा होतो. तिला लिहिता-वाचता येतं हे तो का सांगतो? कारण लिहिता येणारा माणूस प्रवासाचा खोटा परवाना करू शकतो. म्हणजे तिच्या बुद्धीची त्याला भीती वाटते. पाठीवरच्या व्रणांची खूण तो देतो, ते व्रण झाले कसे ते लिहीत नाही. चाळिसाव्या मिनिटाच्या सुमारास वर्गाचा आवाज बदलतो. जी मुलं निष्कर्ष सांगत होती ती आता शब्द दाखवू लागतात. 'इथे बघा, कपड्यांचं वर्णन एवढं बारीक आहे, म्हणजे तिच्याकडे चांगले कपडे होते आणि ते तिने सोबत नेले, म्हणजे तिने ठरवून केलं.' तिला माल म्हणून विकत घेणाऱ्याच्याच शब्दांतून तिचं माणूसपण त्यांना दिसायला लागतं. हे मी व्याख्यानात सांगितलं असतं तर त्यांनी वहीत लिहून घेतलं असतं आणि परीक्षेनंतर विसरली असती.

इंजिनिअर होणाऱ्या मुलीला याचा उपयोग काय, असं तिचे वडील विचारतात. ती पुढे ज्या अहवालांवर सही करणार आहे, तेही कुणीतरी, कशासाठी तरी, काहीतरी गाळून लिहिलेले असतील. पण खरं सांगायचं तर मी त्यासाठी शिकवत नाही. त्या बाईबद्दल जगात उरलेल्या या आठ-दहाच ओळी आहेत, आणि त्या नीट वाचल्या जाव्यात एवढी माझी इच्छा असते.

वर्गात प्राध्यापक व्याख्यान देतच नाहीत का?

थोडं देतात. संदर्भ नसेल तर चर्चा हवेत जाते, म्हणून पहिली दहा-पंधरा मिनिटं मी बोलते. पण 15-20 मुलांच्या वर्गात बाकीचा वेळ मुलांचा असतो. तयारी कमी लागते असं समजू नका. व्याख्यानासाठी मी टिपणं काढते, सेमिनारसाठी प्रश्न. आणि चांगला प्रश्न सुचायला टिपणापेक्षा जास्त वेळ जातो.

शांततेबद्दल एक गोष्ट इथेच सांगते. प्राध्यापकाने प्रश्न विचारला आणि कुणीच बोललं नाही, तर ते अपयश नाही. नव्या शिक्षकाला ती शांतता सोसत नाही आणि तो स्वतःच उत्तर देऊन टाकतो. मीही पहिली दोन वर्षं तेच केलं. आता मी मनात तीसपर्यंत मोजते. विसाच्या पुढे कुणीतरी बोलतं, आणि ते बोलणं बहुधा वर्गातल्या सगळ्यात शांत मुलाचं असतं.

माझी मुलगी वर्गात बोलत नाही. तिचे गुण जातील का?

सहभागाचे गुण असतात, बहुतेक ठिकाणी 15 ते 25 टक्क्यांच्या आसपास. पण सहभाग म्हणजे सतत हात वर करणं असं समजणारे प्राध्यापक आता कमी राहिले आहेत. आधी दोन ओळी लिहून आणून त्या वाचून दाखवणं चालतं. दुसऱ्याच्या मुद्द्याला धरून पुढे नेणं तर फारच चालतं. आपल्याकडून आलेल्या मुलांना शिक्षकाच्या मताविरुद्ध बोलणं उद्धटपणा वाटतो, हे मला माहीत आहे. मीही तशीच वाढले. मुलीला सांगा, पहिल्या पंधरवड्यात प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना, म्हणजे विद्यार्थ्यांसाठी ठेवलेल्या भेटीच्या वेळेत, जाऊन दहा मिनिटं बोलून ये. ओळखीच्या माणसासमोर मतभेद मांडायला तेवढी धास्ती वाटत नाही.

ऑनर्समध्ये अभ्यास दुप्पट असतो म्हणे?

पानं दुप्पट करणारे प्राध्यापक आहेत, आणि ते चुकतात असं मला वाटतं. नेहमीच्या वर्गातला निबंध पाच पानांचा म्हणून ऑनर्सचा दहा पानांचा, याला ऑनर्स म्हणत नाहीत. बहुतेक चांगल्या वर्गांत वाचन थोडं कमीच असतं, पण एकच निबंध तीनदा लिहावा लागतो.

आणि जीपीए घसरला तर?

ही भीती मुलांपेक्षा घरच्यांना जास्त असते. ऑनर्समध्ये टिकून राहायला किमान जीपीए, म्हणजे 4 पैकी मोजलेली गुणांची सरासरी, लागतो, पुष्कळ ठिकाणी 3.2 ते 3.5 च्या दरम्यान. पहिल्या निबंधाला बी श्रेणी मिळणं अगदी सामान्य आहे. आयुष्यातला पहिला बी मिळालेली मुलं माझ्या ऑफिसात रडलेली आहेत, आणि तेव्हा त्यांचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. इतकी वर्षं गुण हीच त्यांची ओळख होती. मी त्यांना निबंध परत देते आणि समासातली एकच खूण दाखवते. हा परिच्छेद तुझा आहे, बाकीचे तू मला आवडतील म्हणून लिहिले आहेस. दुसऱ्या खर्ड्यात फरक दिसतो. सत्राच्या अखेरीस माझ्या वर्गाचे गुण इतर वर्गांहून कमी नसतात. वाट तेवढी वेगळी असते.

या वर्गांसाठी प्राध्यापक निवडतात कसे?

साधारण वर्षभर आधी ऑनर्सचं कार्यालय प्रस्ताव मागवतं. प्राध्यापक एक-दोन पानांत विषय, वाचनाची यादी आणि मूल्यमापन मांडतात. प्राध्यापक आणि काही ठिकाणी विद्यार्थीही असलेली समिती निवड करते. मग खरी अडचण येते ती विभागप्रमुखांच्या टेबलावर, कारण इतिहासाचा माणूस ऑनर्सकडे गेला की इतिहासाचा एक वर्ग रिकामा राहतो. संचालकाचा अर्धा वेळ या वाटाघाटींत जातो.

बॅरेटसारख्या मोठ्या कॉलेजांनी स्वतःचेच प्राध्यापक नेमले आहेत. तिथला 'द ह्यूमन इव्हेंट' हा पहिल्या वर्षाचा दोन सत्रांचा सेमिनार तेच लहान गटांत शिकवतात. विभागांपुढे हात पसरावे लागत नाहीत हा यातला फायदा. पण असे प्राध्यापक आपल्या विषयाच्या विभागापासून तुटण्याचा धोकाही असतो. पुष्कळ ठिकाणी हे वर्ग टेन्युअर (कायमची नोकरी) नसलेल्या, वर्षावर्षाच्या करारावरच्या शिक्षकांकडे असतात. त्यांच्यात उत्तम शिक्षक आहेत. आपल्या मुलाला चार वर्षं ओळखणारा शिक्षक पाचव्या वर्षी तिथे असेल का, हा प्रश्न मात्र कॉलेज निवडताना जरूर विचारा.

ऑनर्सच्या प्राध्यापकांना यासाठी जास्त पगार मिळतो का?

बहुधा नाही. कधी विभागाला बदली शिक्षकासाठी पैसे मिळतात, कधी प्राध्यापकाला वाचन किंवा प्रवासासाठी थोडा निधी.

नव्याने नोकरीला लागलेल्या सहकाऱ्यांसाठी दोन शब्द. होकार द्यायच्या आधी लेखी घ्या की हा वर्ग तुमच्या नेहमीच्या वर्गसंख्येत धरला जाईल, आणि ऑनर्सच्या वर्गात शिकवलेलं टेन्युअरच्या फाइलमध्ये कोण आणि कसं मोजणार आहे. माझ्या आधीच्या नोकरीत दोन सेमिनार आणि पाच प्रबंधांचं मार्गदर्शन 'विभागाबाहेरचं काम' म्हणून बाजूला ठेवलं गेलं. शिकवण्याचा आनंद खराच होता, पण त्याची कागदावर नोंद नव्हती.

दोन प्राध्यापक मिळून एक वर्ग घेतात ते कशासाठी?

अर्स्किनच्या वर्गातली कल्पना अजून जिवंत आहे म्हणून. मी एका भौतिकशास्त्रज्ञाबरोबर 'पुरावा म्हणजे काय' असा वर्ग घेतला होता. तो म्हणे, पुन्हा करून बघता येतं ते पुरावा. मी म्हणे, माझ्या विषयात कुठलीच गोष्ट दुसऱ्यांदा घडत नाही. आम्ही ठरवून भांडलो नव्हतो, खरंच भांडलो, आणि सहाव्या आठवड्यात त्याने वर्गासमोर आपलं मत थोडं बदललं. मोठी माणसं पुरावा पाहून मत बदलतात हे त्या मुलांनी बहुतेक पहिल्यांदाच पाहिलं. एका सत्राला दोन पगार लागतात म्हणून असे वर्ग पहिल्यांदा बंद होतात. तुमच्या कॉलेजात असा एखादा वर्ग चालू असेल तर तो डोळे झाकून निवडा.

वाचायला काय असतं? सगळं ग्रीक आणि रोमनच का?

पूर्वी जवळजवळ तसंच होतं. 1980 च्या दशकात यावर मोठे वाद झाले. स्टॅनफर्ड विद्यापीठाने 1988 साली पहिल्या वर्षाचा 'वेस्टर्न कल्चर' हा सक्तीचा अभ्यासक्रम बदलून त्या जागी जास्त व्यापक अभ्यासक्रम आणला, तेव्हा देशभर चर्चा झाली. आज बहुतेक ऑनर्स वर्गांत चीन, अरब जग, आफ्रिका, भारत यांतलं काही ना काही असतं. मात्र एका आठवड्यात उपनिषदं उरकणं म्हणजे अर्स्किनच्या विरोधकांचा आक्षेप खरा ठरवणं. चौदा आठवड्यांत चौदा संस्कृती दाखवणाऱ्या यादीपेक्षा तीन ठिकाणी नीट थांबणारी यादी मला बरी वाटते.

मी तुकारामांचा एक अभंग दोन वेगवेगळ्या इंग्रजी भाषांतरांत देते, आणि मग मूळ मराठी मोठ्याने वाचते. मुलांना एक अक्षर कळत नाही, पण ओळ कुठे आखडते आणि कुठे सुटते ते ऐकू येतं. त्यानंतर ती विचारतात, दोन्ही भाषांतरकारांनी ते आखडणं-सुटणं का गाळलं? एवढा प्रश्न आला की दोन भाषांतरं देण्याचं काम झालं.

वर्ग सोडून शहरात भटकायला नेतात, त्याला अभ्यास म्हणायचं का?

म्हणायचं. ऑनर्स चळवळीत 'सिटी ॲज टेक्स्ट' नावाची पद्धत आहे. ती घडवण्यात लाँग आयलंड विद्यापीठाच्या बर्निस ब्रेड यांचा मोठा वाटा. तीन-चार मुलांच्या गटाने एका वस्तीत दिवसभर हिंडायचं, बघायचं, लोकांशी बोलायचं, आणि संध्याकाळी एकत्र बसून आपण काय गृहीत धरून गेलो होतो ते तपासायचं. न्यूयॉर्कच्या मॅकॉले ऑनर्स कॉलेजातला पहिल्या सत्राचा सेमिनार शहरातल्या कलांवर असतो. गाईड असलेली सहल आणि हा प्रकार यात फरक असा की इथे काय बघायचं ते कुणी सांगत नाही.

प्रबंधासाठी मार्गदर्शक कधी आणि कसा शोधावा?

तिसऱ्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात, त्याहून उशिरा नको. मानव्यविद्येतला ऑनर्स प्रबंध बहुधा 40 ते 80 पानांचा असतो, आणि शेवटी दोन-तीन प्राध्यापकांसमोर तोंडी मांडावा लागतो. प्रसिद्ध नावामागे धावू नका. ज्यांच्या वर्गात तुम्ही लिहिलेल्या कागदावर भरपूर शेरे आले होते त्यांच्याकडे जा. जाताना विषय पक्का नसला तरी चालेल, पण एखादी वस्तू हातात असू द्या: एक पत्र, एक चित्र, एक खटला. 'मला स्थलांतरावर काहीतरी करायचं आहे' असं म्हणणाऱ्या मुलाबरोबर तीन महिने विषय आक्रसण्यात जातात. 'माझी पणजी ज्या जहाजाने आली त्याच्या प्रवाशांच्या यादीत तिचं नाव चुकीचं लिहिलं आहे' असं म्हणणाऱ्या मुलीने पहिल्याच दिवशी प्रबंध सुरू केलेला असतो.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनाही पुष्कळ ठिकाणी मानव्यविद्येत प्रबंध लिहिता येतो. विचारल्याशिवाय हे कुणी सांगत नाही.

आता चॅटजीपीटी आहे. निबंध कोण लिहितं हे कसं कळतं?

2022 च्या नोव्हेंबरनंतर आम्हा सगळ्यांना हे नव्याने शिकावं लागलं. पकडापकडीची साधनं भरवशाची नाहीत, त्यांच्या जोरावर मी कुणावर आरोप करणार नाही. पुष्कळ जण वर्गात हाताने लिहून घेऊ लागले आहेत, तोंडी परीक्षाही परतल्या आहेत. मला लहान वर्गाचा फायदा मिळतो. अठरा मुलांचा आवाज चौथ्या आठवड्यापर्यंत ओळखू येतो, आणि प्रत्येक खर्ड्यावर दहा मिनिटं समोरासमोर बोलणं शक्य असतं. जे वाक्य स्वतः घडवलेलं नाही त्याचा बचाव मुलाला करता येत नाही. खरी काळजी फसवणुकीची नाही. रिकाम्या पानासमोर बसायची जी अस्वस्थता असते तिच्यातूनच विचार उगवतो, आणि ती अस्वस्थता टाळायचा रस्ता आता कायम खिशात आहे.

निवडक मुलांना चांगले शिक्षक आणि लहान वर्ग, बाकीच्यांना तीनशेचा हॉल. हे बरोबर आहे का?

पूर्णपणे बरोबर आहे असं मी म्हणणार नाही. राज्य विद्यापीठांनी ऑनर्स कॉलेजं काढली त्यामागे, हुशार मुलं महागड्या खाजगी विद्यापीठांकडे जाऊ नयेत हा हिशेब होता. त्याचा फायदा मध्यमवर्गीय घरांना झाला, हेही खरं. मॅकॉले 2001 मध्ये सुरू झालं ते राज्यातल्या विद्यार्थ्यांना शिकवणी-फी माफ ठेवून. पण प्रवेश नुसत्या परीक्षेच्या गुणांवर दिला की चांगल्या शाळांतली मुलंच आत येतात. म्हणून बऱ्याच ठिकाणी आता निबंध, परिस्थिती आणि शिक्षकांचं मत एकत्र पाहतात, आणि पहिलं वर्ष झाल्यावर किंवा दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजातून आलेल्यांनाही दार उघडतात. माझे सगळ्यात चांगले विद्यार्थी अशा दुसऱ्या दारानेच आले.

प्राध्यापकाच्या हातात एक गोष्ट असते. ऑनर्समध्ये जे जमलं ते मोठ्या वर्गात नेणं. ती जाहिरात मी आता शंभर मुलांच्या वर्गातही वाचते, चार-चारचे गट करून. तितकं साधत नाही. तरी वाचते.

आम्ही आईवडील प्राध्यापकांना ईमेल करू शकतो का?

करू शकता, पण उत्तरात फार काही मिळणार नाही. 1974 च्या फर्पा कायद्यानुसार मूल कॉलेजात गेलं की त्याच्या शैक्षणिक नोंदींवर हक्क त्याचा. त्याच्या संमतीशिवाय प्राध्यापक गुण किंवा हजेरीबद्दल बोलत नाहीत. करासाठी मूल तुमच्यावर अवलंबून असेल तर विद्यापीठ माहिती देऊ शकतं, पण तशी सक्ती नाही. उद्धटपणा समजू नका. मुलालाच विचारा.

प्राध्यापकांना 'सर', 'मॅडम' म्हणावं का?

'प्रोफेसर' आणि पुढे आडनाव. कुणी नावाने हाक मारायला सांगितली तर मारा, तोवर नको.

शिफारसपत्र कुणाकडे आणि कधी मागावं?

ऑनर्सच्या लहान वर्गाचा हा मोठा फायदा, आणि मुलं तो बरेचदा दवडतात. मेडिकल स्कूलला विज्ञानाच्या शिक्षकांची पत्रं लागतातच, पण मुलगा विचार कसा करतो, चूक दाखवली की काय करतो, हे सेमिनार घेणाऱ्याला जास्त माहीत असतं. ऱ्होड्ससारख्या शिष्यवृत्तीला, जी अमेरिकेतून वर्षाला 32 जणांनाच मिळते, अशी पत्रं फार उपयोगी पडतात. मुदतीच्या किमान सहा आठवडे आधी विचारा. सोबत तुमचा त्या वर्गातला निबंध, शेऱ्यांसकट, जोडा. मी पत्र लिहायला बसते तेव्हा पहिल्यांदा तोच उघडते. आणि निकाल काही लागला तरी कळवा. आम्ही वाट बघत असतो.